पायाच्या अंगठ्यानं लावलेला आवाज

मे महिन्यातल्या एका भर दुपारी मी खोलीचं दार आतून लावलं, कडी दोनदा तपासली, शर्ट काढून खुंटीला टांगला, गिटार फरशीवर उताणी निजवली आणि तिची जाड तार उजव्या पायाच्या अंगठ्यानं छेडली. त्या वेळी माझा डावा हात पायजम्याच्या खिशात होता. उजव्या हातात स्क्रू-ड्रायव्हर होता आणि त्याचं टोक टेबलावरच्या चालू ॲम्प्लिफायरच्या पोटात. एका पायावर उभा, दुसऱ्या पायानं संगीत, अंगातून घामाच्या धारा. खिडकीतून कोणी डोकावलं असतं तर त्यानं मला तिथूनच परस्पर वेड्यांच्या इस्पितळात पोहोचवलं असतं.

पण डोकावणारं कोणी नव्हतं. असतं तर मी त्यालाच आत ओढून गिटारपाशी बसवलं असतं, आणि हे सगळं सांगायची वेळच आली नसती.

सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं आणि मी पंचवीस वर्षांचा होतो. सावनेरहून नागपुरात नोकरीला आलो होतो. घरी भांडून वगैरे नाही. भांडून आलो असतो तर निदान सांगायला काही तरी असतं. मी नुसताच आलो होतो. एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये मला बसवलं होतं. तिथं जुन्या फायली होत्या, फायलींना लागलेली वाळवी होती आणि मी होतो. वरच्या मजल्यावर फाईल हवी असली की चिठ्ठी यायची, आणि चिठ्ठीला उत्तर म्हणून फाईल जायची. बोलण्याचा प्रसंग येत नसे. एकदा संध्याकाळी खोलीवर परतल्यावर मला काय हुक्की आली, दिवसभरात आपण किती वाक्यं बोललो ती मी आठवून पाहिली. चार भरली. त्यांतली दोन चहावाल्याशी, एक रस्ता अडवून बसलेल्या गाईशी, आणि चौथं वाक्य मी ही मोजदाद करताना स्वतःशीच बोललो होतो.

आठवड्यात दोनच संध्याकाळी मी माणसांत असे. बुधवारी आणि शनिवारी महाल भागातल्या एका शाळेच्या वर्गात आमच्या ऑर्केस्ट्राची तालीम चाले. पहिलीच्या बाकांवर गुडघे हनुवटीला टेकवून आम्ही नऊ जण बसत असू. बाकीचे आठ जण येताना भांडत येत, जाताना भांडत जात आणि मधल्या वेळात सिनेमाची गाणी वाजवत. मला तिथं कोणी फार विचारायचं असं नाही. पण "गिटार, तिकडं सरक" असं म्हणायचे, "गिटार, चहा घेतला का" असं म्हणायचे. तेवढ्यावर मी उरलेला आठवडा काढत असे, उंट एकदा पाणी पिऊन पुढचं वाळवंट काढतो तसा.

आता त्या ॲम्प्लिफायरविषयी सांगायला हवं. खरं तर तो शब्द कोणी वापरत नसे. सगळे त्याला डबा म्हणत. माझ्या गिटारच्या तारांखाली एक चुंबक बसवलेला होता, त्यातून निघालेली वायर डब्यात जायची आणि डबा तो बारीक आवाज मोठा करून वर्गभर पसरायचा. इतवारीतल्या एका बोळात दुकान असलेल्या रेडिओ मिस्त्रींनी तो बनवला होता. खोक्याच्या फळ्यांची पेटी, तिच्यात जुन्या मोठ्या रेडिओंतून काढलेले चार काचेचे व्हॉल्व्ह. स्विच लावला की मिनिटभर काहीच होत नसे. मग व्हॉल्व्ह विडीच्या टोकासारखे हळूहळू लाल होत आणि डबा घसा खाकरून जागा होई.

बाहेरून त्याला दोन बटणं होती, एक आवाजाचं आणि एक जाड-बारीक करण्याचं. तिसरं बटण म्हणाल तर ते आत होतं, आणि ते बटण नव्हतंच. नखाएवढा एक पितळी स्क्रू, डोक्यावर खाच असलेला. सगळी करामत त्या स्क्रूची. आवाज कमी-जास्त करणं वेगळं आणि आवाज फाटणं वेगळं. व्हॉल्व्हला झेपेल तेवढंच दिलं तर तो स्वच्छ गातो. झेपण्यापलीकडं दिलं तर त्याचा आवाज घोगरा होतो, गुरगुरतो. कोणत्या क्षणी गुरगुरायला लागायचं ते आतला स्क्रू ठरवी. हळू छेडलं तर गोड आणि जोरात हाणलं तर घोगरा, असं एकाच डब्यातून दोन्ही निघालं पाहिजे. त्या काळी नव्या सिनेमांत एखाद्या गाण्यात गिटार अशी गुरगुरायची, आणि लोकांना तेवढा तुकडा हुबेहूब हवा असे.

मिस्त्रींनी मला हे फार सोपं करून सांगितलं होतं. "पाहुण्याले दोन पोळ्या वाढल्या तर तो गप जेवते. सहा वाढल्या तर कण्हते. वाल्वचं तसंच हाय गा. किती वाढायच्या, ते हा स्क्रू पाहते." मग तो बाहेर का नाही बसवला, असं मी विचारलं. ते म्हणाले, "वाढणं पाहुण्याच्या हाती देतात का?"

डबा तयार झाला त्या दिवशी हा स्क्रू लावण्याचा सोहळा मी पाहिला. सोहळाच तो. डब्याच्या पोटात अडीचशे-तीनशे व्होल्ट खेळत असत, म्हणून मिस्त्रींचा एक नियम होता: चालू डब्यात एक हात गेला की दुसरा खिशात. दोन्ही हात आत गेले तर करंट एका हातातून शिरून दुसऱ्यातून निघतो, आणि वाटेत छाती लागते. तेव्हा मिस्त्रींचा उजवा हात डब्यात, डावा खिशात. तार छेडायला काकू. काकू म्हणजे मिस्त्रींच्या पत्नी. घर दुकानाच्या मागेच होतं. त्या मेथी निवडता निवडता आल्या, हात पदराला पुसले, कोपऱ्यातल्या ठेंगण्या स्टुलावर बसल्या, माझी गिटार विळी ओढून घ्यावी तशी पुढ्यात ओढली आणि कंगव्याच्या तुटक्या तुकड्यानं तार छेडली.

"अजून," त्या म्हणाल्या. मिस्त्रींनी स्क्रू फिरवला. पुन्हा तार. "अजून." पुन्हा तार. "बस."

मिस्त्रींचा हात थांबला नाही.

"अवो, बस म्हटलं नं. बहिरे झाले का?"

"घरात तर बोलतेच, दुकानात तरी गप राह्य वं," मिस्त्री म्हणाले आणि स्क्रू केसभर मागे आणला.

मी हसलो. जुन्या नवरा-बायकोची मजा म्हणून हसलो. त्या दोघांनी त्या एका स्क्रूवर डोकी जुळवलेली पाहून मला थोडं कसंसंही झालं होतं, पण ते मी हसण्याखाली झाकलं.

मग मिस्त्रींनी फळीवरून लाल नेलपॉलिशची बाटली काढली. काकूंच्या नखांनी ती बाटली कधी पाहिली नव्हती. ती दुकानाच्या कामाची होती. स्क्रूच्या डोक्यावर त्यांनी एक थेंब सोडला. तो वाळून कडक झाला की स्क्रू जागचा हलत नसे, आणि कोणी हलवलाच तर लाल टिकली फुटून कळे. "ही मोहोर," मिस्त्री मला म्हणाले. "फुटली का मंग तो डबा माहा नाही. मी हात लावत नाही."

तो डबा वर्षभर देवासारखा वागला. एप्रिलच्या शेवटी त्याचा एक व्हॉल्व्ह गेला. मी डबा इतवारीत नेला. मिस्त्रींनी दुसऱ्या रेडिओतला व्हॉल्व्ह काढून बसवला. आतला स्क्रू मात्र तसाच मोहोरबंद ठेवला आणि म्हणाले की हा नवा व्हॉल्व्ह भलताच जोरकस आहे, स्क्रू पुन्हा लावावा लागेल, पण काकू आल्यावर. काकू कुहीला लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, त्या जुलैपर्यंत काही यायच्या नव्हत्या. मी म्हटलं, तार मी छेडतो, तुम्ही फिरवा. मिस्त्रींनी माझ्याकडं पाहिलं नाही. दुसऱ्या एका रेडिओचा पाठचा पुठ्ठा उघडत म्हणाले, "तिच्याशिवाय नाही लावत मी."

मला वाटलं, काय प्रेम आहे. पुढं कळलं ते निराळंच.

त्या शनिवारी डबा तसाच तालमीला नेला, आणि तालमीत एक हळुवार द्वंद्वगीत होतं. गायिका पहिली ओळ म्हणाली, मी तिच्यामागे अगदी नाजूकपणे तार छेडली आणि डबा गुरगुरला. शेपटीवर पाय पडलेल्या कुत्र्यासारखा. पुन्हा छेडली, पुन्हा गुरगुरला. आमचे मास्तर ॲकॉर्डियन वाजवत. अंगानं गोल, पायात बारा महिने पांढरे बूट. त्यांनी ॲकॉर्डियनचा भाता मिटला. "पुढच्या रविवारी रिसेप्शन हाय बाबा," ते म्हणाले. "नवरदेव बिचारा आधीच घाबरून बसून राहते. वरून तुया डबा असा बोलला तर तो मांडवातून पळून जाईन." सगळे हसले, मीही हसलो. मग मास्तर माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "आठ दिवस हायत. ठीक कर. नाही झाला तर त्या दिवशी तू येऊ नको. पुढचं मग पाहू."

'पुढचं मग पाहू' याचा अर्थ मला माहीत होता. आदल्या वर्षी बोंगोवाल्याला त्यांनी हेच सांगितलं होतं, आणि त्याचं पुढचं काही कोणी पाहिलं नाही. त्याची जागा भरली. माझी भरली असती तर मला बुधवार आणि शनिवार उरले नसते. गिटार काय, मी खोलीतही वाजवू शकत होतो. पण "गिटार, तिकडं सरक" असं खोलीत कोण म्हणणार?

दुसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळपासून मी विचार करत बसलो. काम सोपं होतं: एकानं तार छेडायची, एकानं स्क्रू फिरवायचा. स्क्रू फिरवणाऱ्याचा एक हात डब्यात, एक खिशात. म्हणजे माणसं दोन हवीत. सगळ्या नागपुरात मला दुसरा माणूस मिळवायचा होता, फक्त पाच मिनिटांपुरता, तार छेडण्यापलीकडं काही येत नसलेला चालला असता. ऑर्केस्ट्रातल्या कोणाचं घर मला माहीत नव्हतं.

माझी खोली गोकुळपेठेत टिनाच्या छपराखाली होती आणि घरमालक खालच्या मजल्यावर. माणूस सज्जन. त्यांना विचारायचं ठरवून मी जिन्यात उभा राहिलो आणि वाक्य जुळवलं. 'जरा वर येता का, एक तार छेडायची आहे.' हे भलतंच वाटलं. 'तुमची पाच मिनिटं हवी होती.' हे कर्ज मागितल्यासारखं वाटलं. पाच पायऱ्या उतरून मी पुन्हा वर आलो, मग पुन्हा उतरलो. शेवटी त्यांच्या दारापर्यंत गेलो तर आत कूलर घरघरत होता आणि त्याच्या वाळ्याच्या गारव्यात सगळं घर ओळीनं झोपलं होतं. शेजारच्या घरातही तेच. सबंध गल्ली कूलरच्या आवाजाआड निजली होती. मी न वाजवलेल्या दारावरून हात खाली घेतला आणि वर आलो. खरं सांगतो, ते झोपलेले आहेत हे पाहून मला सुटल्यासारखं झालं.

आणि मग तो अंगठा.

आधी मी डब्याचा पाठचा पुठ्ठा काढला. स्क्रूच्या डोक्यावरची लाल टिकली मिनिटभर पाहिली. मग स्क्रू-ड्रायव्हरचं टोक खाचेत बसवून जोर दिला आणि ती फुटली. एवढासा टक आवाज झाला. त्यानंतर नियमाप्रमाणे डावा हात खिशात. नियम मोडायची मला भीती होती, कारण मी तिथं पडलो असतो तर सोमवारी कचेरीत चिठ्ठीला उत्तर गेलं नसतं, आणि मंगळवारी कोणीतरी चौकशी केली असती, मंगळवारीसुद्धा नक्की नाही. पहिल्यांदा अंगठ्यानं तार छेडायला गेलो तर पाय घसरून गिटार पलंगाखाली गेली. दुसऱ्यांदा पोटरीत गोळा आला. तिसऱ्यांदा जमलं. तार वाजली, स्वच्छ वाजली. मी स्क्रू आधी पार मागे नेला होता, तो आता एकेक केस पुढं आणू लागलो. छेडायचं, फिरवायचं, छेडायचं, फिरवायचं. तासाभरानं डबा अगदी थोडा, हवा तेवढाच घोगरा झाला. मी एका पायावर उभ्या-उभ्या स्वतःला शाबासकी दिली.

चूक कुठं झाली ते तुमच्या ध्यानात आलं असेल. माझ्या आलं नाही. पायाचा अंगठा हा बापडा चालण्यासाठी केलेला अवयव. तो तारेला जेमतेम स्पर्श करी, आणि त्या दुबळ्या आवाजावर मी स्क्रू लावत होतो. त्यात मी तोल सावरून स्क्रू-ड्रायव्हर फिरवीपर्यंत तार अर्धीअधिक विझलेली असे. म्हणजे विझत चाललेला, अंगठ्यानं काढलेला आवाज जिथं घोगरा होईल तिथं मी तो डबा नेऊन ठेवला होता. बोटांनी वाजवल्यावर काय होणार? मी तो अंगठ्याच्या मापानं शिवून घेतला होता.

बुधवारी काय झालं ते मी थोडक्यात सांगतो, कारण ते झालंही थोडक्यातच. मी पहिला सूर छेडला आणि वर्गात लोखंडी पत्रा फाडल्यासारखा आवाज झाला. शाळेचा चपराशी दारात धावत आला. या वेळी कोणी हसलं नाही. मास्तर उठले, पांढऱ्या बुटांचा आवाज न करता माझ्यापर्यंत आले, वाकून त्यांनी डब्याचा स्विच बंद केला आणि परत जाऊन आपल्या जागी बसले. तालीम पुढं चालू झाली. मी मुक्या गिटारवर हात फिरवत तासभर तिथंच बसून राहिलो, कारण उठून गेलो असतो तर ते जाणं शेवटचं झालं असतं.

गुरुवारी मी कचेरीतून रजा घेतली. रजा मंजूर करणाऱ्या साहेबांना मी तिथं काम करतो हे बहुधा त्या दिवशीच कळलं. सायकलरिक्षात डबा मांडीवर घेऊन इतवारीत पोहोचलो. मिस्त्रींनी पुठ्ठा काढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि फुटलेली मोहोर पाहिली. बराच वेळ पाहिली.

"कोणं हात लावला?"

मी सगळं सांगितलं. जिना, कूलर, पलंगाखाली गेलेली गिटार, सगळं.

"अंगठ्यानं?" ते म्हणाले.

"हो."

"कोणत्या पायाच्या?"

"उजव्या."

त्यांनी मान हलवली, जणू डाव्या पायाचा असता तर गोष्ट वेगळी होती. मग विचारलं, "दुसरा हात?"

"खिशात होता."

"चला, एवढं तरी ऐकलं." ते डबा माझ्याकडं ढकलतील म्हणून मी दोन्ही हात पुढं करून तयार होतो. त्यांनी ढकलला नाही. दाराकडं एकदा पाहून ते म्हणाले, "तुयं काम हट्टापायी नाही आडलं बाबू, मायंच तिच्याशिवाय आडून राहिलं. मले ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. माणूस बोलला तर समजते, रेडिओ दुरुस्त करता येते. पण आवाज कुठी फाटते ते कानाले कळतच नाही आता. ते तिचं काम. ती बस म्हणते, मी थांबतो. कोणाले सांगू नको गा. रेडिओ मिस्त्री बहिरा हाय म्हटल्यावर इथं कोण येईन?"

डबा तयार झाला त्या दिवशीचं माझं हसणं मला आठवलं. मग म्हटलं, "छेडतोही मी आणि ऐकतोही मी. तुम्ही फक्त फिरवा."

त्यांनी मला काकूंच्या स्टुलावर बसवलं. कंगव्याचा तुकडा फळीवर जिथल्या तिथं होता, तो दिला. त्यांचा उजवा हात डब्यात गेला, डावा खिशात. मी तार छेडली, या वेळी बोटांतल्या सगळ्या जोरानिशी. "मागे," मी म्हणालो. पुन्हा छेडली. "अजून मागे." पुन्हा. हळू छेडली तर स्वच्छ, जोरात छेडली तर घोगरी, आणि दोन्हींच्या मधली ती बारीक फट नेमकी कानात बसली. बस म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "थोडं पुढं."

कशासाठी म्हणालो ते तेव्हा मला कळलं नाही. बाहेर ऊन भाजत होतं, दुकानात टेबलफॅन मान फिरवत होता, आमच्या दोघांची डोकी त्या एका स्क्रूवर वाकलेली होती. बस म्हटलं की डबा बंद होणार, पुठ्ठा लागणार आणि मला उठावं लागणार. "थोडं मागे," मी म्हणालो. "जरासं पुढं. नाही, मागे." पुढं गेलेला स्क्रू मी मागे आणवला, मागे गेलेला पुढं. असे किती डाव झाले कोण जाणे. मिस्त्रींनी एकदाही कुरकुर केली नाही. कपाळावरचा घाम त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबे, तो ते खांद्याला पुसत आणि पुन्हा फिरवत.

शेवटी मला लाज वाटली. "बस," मी म्हणालो.

मिस्त्रींनी हात बाहेर काढला, बोटं मोडली. "तिसऱ्या डावालेच लागला होता नं?"

मी म्हटलं, तुम्हाला तर ऐकू येत नाही.

"ऐकू येत नाही. दिसते," ते म्हणाले. "दोन वर्षांपासून मी तिच्या तोंडाकडंच पाहून राहिलो. लागला का माणसाचं तोंड बदलते. तुयं तिसऱ्या डावाले बदललं." मग बाटलीतून लाल थेंब सोडता सोडता, वर न पाहता: "बसावंसं वाटते कधी कधी. समजते."

शनिवारच्या तालमीत डबा नीट बोलला आणि रविवारी रिसेप्शनही पार पडलं. हळुवार गाण्यात तो गाईच्या वासरासारखा निमूट राहिला आणि शेवटच्या धडाकेबाज गाण्यात असा गुरगुरला की वऱ्हाडातली दोन म्हातारी माणसं कौतुकानं उठून उभी राहिली. मास्तर माझ्याकडं वळून "हं" म्हणाले. त्यांच्याकडून 'हं' म्हणजे पुष्कळ. माझी जागा राहिली.

इथं ही आठवण संपायला हरकत नव्हती, पण माझ्या अंगात खोडी होती. जुलैत काकू परत आल्या आणि ऑगस्टमध्ये माझा डबा अचानक बिघडला. मी इतवारीत नेला. काकूंनी तार छेडली, मिस्त्रींनी स्क्रू लावला, मधे चहा झाला, लेकीच्या बाळाचं कौतुक झालं, मी तीन तास बसलो. सप्टेंबरमध्ये पुन्हा बिघडला. ऑक्टोबरमध्येही. मोहोर मात्र दर वेळी शाबूत असे, आणि मिस्त्री चष्मा पुसत म्हणत की वाल्व सरकत असेल. वाल्व सरकत नव्हता. मी सीताबर्डीवर जाऊन नेलपॉलिशची बाटली आणली होती. दुकानदारानं विचारलं, कोणासाठी, गोरी आहे की सावळी? मी म्हणालो, पितळी आहे. खोलीत दार लावून मी स्क्रू हलवायचो, हात नीट खिशात ठेवून, आणि वर माझा थेंब सोडायचो.

ऑक्टोबरच्या त्या दिवशी मिस्त्रींनी पुठ्ठा काढला तेव्हा काकू शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी वाकून पाहिलं. मग फळीवरची आपली बाटली काढली आणि डब्याजवळ धरली. त्यांचा लाल होता कुंकवाचा. माझा थोडा गुलाबीकडं झुकलेला.

"हा रंग आपला नोहे," काकू म्हणाल्या.

मिस्त्री रेडिओच्या एका नळीत फुंकर मारू लागले. त्यांना काहीच ऐकू आलेलं नव्हतं, असं त्यांच्या पाठीवरून दिसत होतं. काकूंनी बाटली परत ठेवली.

"यायचं असन तर तसाच येत जा नं गा," त्या म्हणाल्या. "स्क्रू काहून हलवतो?"

यावर एखाद्या माणसानं काय करावं? पुढच्याच आठवड्यात जावं. मी सात आठवडे गेलो नाही. कारण असलं की मी कुठंही जाऊ शकतो, इस्पितळात, कचेरीत, स्मशानात. हातात डबा असला तर मी कोणाच्याही दारात उभा राहिलो असतो. नुसतं, रिकाम्या हातानं, मला बसायचं आहे म्हणून जायचं हे मला कधी शिकवलं गेलं नव्हतं, आणि अजूनही फारसं आलं आहे असं नाही. बुधवार-शनिवार तालमीला जात होतो. बाकीचे दिवस डबा टेबलावर असे, काकूंच्या बाटलीचा थेंब स्क्रूवर घट्ट, आवाज निर्दोष. त्याच्यात काही म्हणता काही बिघडेना.

ते दुकान आता नाही. मिस्त्री आणि काकू काही वर्षांनी कुहीला लेकीकडं राहायला गेले. ऑर्केस्ट्राही मोडला, एक कीबोर्डवाला आला आणि आमच्यातल्या चौघांची कामं तो एकटाच करू लागला. डबा माझ्याकडं आहे. व्हॉल्व्ह थकलेत, आवाज पातळ झालाय, स्क्रू दोन केस पुढं न्यायला हवा हे मला ऐकू येतं. मोहोर अजून शाबूत आहे आणि मी ती फोडलेली नाही. तार छेडायला कोणी नाही, हे झालं एक कारण.

पण त्या वर्षी, डिसेंबरातल्या एका रविवारी, मी इतवारीत गेलो. डबा न घेता. बोळाच्या तोंडाशी एक चक्कर मारली, परत फिरलो, पानाच्या टपरीपाशी उगाच उभा राहिलो आणि मग दुकानाच्या दारात गेलो. माझे दोन्ही हात खिशात होते. कुठं ठेवावे ते कळत नव्हतं.

काकूंनी मान वर केली. "डबा कसा हाय?"

"बरा आहे."

"आन तू?"

मी खिशातले हात बाहेर काढले. काकूंनी उत्तराची वाट पाहिली नाही. त्यांनी पायानं स्टूल पुढं सरकवलं, मी बसलो. मिस्त्रींनी माझ्याकडं पाहिलं, माझ्या तोंडाकडं, आणि पुन्हा कामात डोकं घातलं. थोड्या वेळानं, हात रिकामे ठेवून बसणं मला जमत नाही हे पाहूनच असेल, त्यांनी एक डबी माझ्या मांडीवर ठेवली. तिच्यात लहान-मोठे, पितळी, लोखंडी सगळे स्क्रू एकत्र झालेले होते, ते निवडून वेगळे करायचे होते.

काम अर्ध्या तासाचं होतं. मी दिवेलागणीपर्यंत पुरवलं.